नंबर वहीत, गप्पा फोनात: मोबाइल बदलताना कुठली गोष्ट कुठे असते

"ह्या फोनातनं सिम काढलं की नंबर मरतो का गं?" मामांनी विचारलं.

मामा कोपरखैरण्याला राहतात. मूळचे पाटणकडचे. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पोती उचलण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आता घरी असतात. त्यांच्या फोनच्या पडद्याची खालची पट्टी बोटाला दाद देईनाशी झाली होती. शून्य दाबलाच जात नव्हता, म्हणून ज्यांच्या नंबरात शून्य आहे त्यांना फोन लावायचा तर नातवाला हाक मारावी लागे. मुलीने नवा फोन आणून दिला होता. तो चार दिवस खोक्यासकट कपाटात पडून होता, कारण मामांना धास्ती होती. जुन्या फोनात त्यांच्या थोरल्या भावाचे आवाजी निरोप होते. मोठे मामा दोन वर्षांपूर्वी गेले. "पाऊस लागला बघ, ओढ्याला पाणी आलंय," एवढंच बोललेले दहा-बारा सेकंदांचे निरोप. गावाकडची पेन्शनची खबर, बँकेचे ओटीपी आणि हमालांच्या जुन्या टोळीतल्या माणसांचे नंबर, हे सगळंही त्याच फोनात. अशा माणसाने घाबरावं यात अडाणीपणा नाही. चुकीच्या क्रमाने फोन बदलला तर यातलं काही खरोखरच जातं, आणि काही परत मिळतच नाही.

आमच्या नात्यात फोन बदलायचा झाला की मला ठाण्याहून बोलावून घेतात. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की ध्यानात आली आहे. लोक बटणं कुठली दाबायची ते विचारतात, पण घोटाळा बटणांमुळे होत नाही. कुठली गोष्ट प्रत्यक्षात कुठे ठेवलेली आहे हे ठाऊक नसतं, म्हणून होतो. ते एकदा कळलं की आधी काय आणि नंतर काय हे ज्याचं त्याला सुचतं.

आधी मामांच्या प्रश्नाचं उत्तर. नंबर मरत नाही, कारण तो फोनात नसतोच. खरं तर तो सिमकार्डातही नसतो.

मामांना मी त्यांच्याच मार्केटच्या भाषेत सांगितलं. समजा, हमालाला एक बिल्ला दिला आहे. बिल्ल्यावर एक आकडा आहे आणि मुकादमाकडे एक वही आहे. वहीत लिहिलंय, अमुक आकड्याचा बिल्ला म्हणजे अमुक माणूस. बिल्ला हरवला तर माणूस नाहीसा होत नाही. नवा बिल्ला देतात आणि वहीत जुना आकडा खोडून नवा लिहितात. सिमकार्ड हा तो बिल्ला. त्यात तुमचा दहा आकडी मोबाइल नंबर नसतो, तर वेगळाच १५ अंकी ओळख क्रमांक असतो. भारतातल्या कंपन्यांचे हे क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतात. हा १५ अंकी क्रमांक म्हणजे तुमचा दहा आकडी नंबर, ही नोंद कंपनीच्या यंत्रणेत असते. ती वही कंपनीकडे सुरक्षित आहे तोवर तुम्ही फोन बदला, सिम बदला, फोन खाडीत पडू द्या, नंबर तुमचाच.

सिममध्ये आणखी एक गोष्ट असते: एक गुप्त किल्ली. फोन टॉवरला जोडताना कंपनीची यंत्रणा सिमला एक कुठलाही आकडा पाठवते. सिम ती किल्ली वापरून त्या आकड्यावर गणित करतं आणि फक्त उत्तर परत धाडतं. कंपनीकडेही तीच किल्ली असते, ती स्वतः गणित करून उत्तर ताडून बघते. किल्ली सिमच्या बाहेर कधीच येत नाही. म्हणून सिमचा फोटो काढून किंवा त्यावरचा छापील क्रमांक उतरवून कुणी तुमचं सिम बनवू शकत नाही. भामटे वेगळ्या वाटेने येतात. ते तुमच्या नावाने कंपनीकडून नवा बिल्लाच काढून घेतात. वहीत त्यांचा बिल्ला लागला की तुमचे ओटीपी त्यांच्याकडे जायला लागतात.

याच फसवणुकीला आळा घालायला २०२२ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने कंपन्यांना आदेश दिला: सिम बदलून दिलं की पहिले २४ तास त्या नंबरावर एसएमएस येणार नाहीत आणि जाणारही नाहीत. मधल्या वेळात खऱ्या मालकाला काहीतरी बिनसलंय हे कळावं, हा हेतू. नियम चांगला आहे. पण तो ठाऊक नसलेल्या माणसाची यात भलतीच कोंडी होते. नवा फोन, नवं सिम, ओटीपी येईना, व्हॉट्सॲप उघडेना, यूपीआय चालेना, आणि जुना फोन तर दुकानदाराला देऊन टाकलेला. ठाण्यात गोखले रोडवर एका दुकानाबाहेर याच कारणाने रडकुंडीला आलेल्या एका आजींना मी पाहिलं आहे. औषधं घ्यायची होती, रोख पैसे जवळ नव्हते.

म्हणून माझा पहिला आग्रह हा: सिम बदलणं आणि फोन बदलणं एकाच दिवशी करू नका. जुनंच सिम काढून नव्या फोनात घातलं तर हा २४ तासांचा नियम लागत नाही, कारण वहीत काही बदललेलंच नसतं. बिल्ला तोच, फक्त तो एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला.

मामांचं सिम मात्र बदलावंच लागणार होतं. ते मूळचं मोठ्या आकाराचं, कधीतरी कुणीतरी कात्रीने कापून छोटं केलेलं. आताच्या फोनात चालतं ते नॅनो सिम, १२.३ गुणिले ८.८ मिलिमीटरचं. लोक लांबी-रुंदी कापून जमवतात, पण जाडीचं काय? जुनं सिम ०.७६ मिलिमीटर जाड असतं, नॅनो ०.६७. कापलेलं सिम नव्या ट्रेमध्ये दडपून बसवलं की अडकतं, आणि ओढून काढताना आतल्या पिना वाकतात. ट्रेमध्ये सिम अलगद बसत नसेल तर जोर लावू नका, गॅलरीत, म्हणजे मोबाइल कंपनीच्या दुकानात, जाऊन नवं घ्या.

गॅलरीत जाण्याआधी घरात एक गोष्ट विचारून घ्या: हे सिम कुणाच्या नावावर आहे? आपल्याकडे कितीतरी घरांत वडिलांचा नंबर मुलाच्या नावावर, आईचा भावाच्या नावावर असतो. पंधरा वर्षांपूर्वी ज्याच्याकडे कागदपत्रं तयार होती त्याच्या नावाने घेतलेला. नवं सिम मिळतं ते ज्याच्या नावावर नोंद आहे त्यालाच, आधार दाखवून. तो माणूस गावाला असेल तर तुम्ही वाशीपर्यंत जाऊन हात हलवत परत याल. आपल्या नावावर कुठले नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं. मे २०२३ मध्ये ते सुरू झालं. घरातल्या प्रत्येकाने ते एकदा जरूर बघावं. आपल्या नावावर अनोळखी नंबर निघाला तर तिथूनच तो कळवता येतो.

नवी मुंबईतल्या, ठाण्यातल्या लोकांसाठी आणखी एक गुंतागुंत आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. मोबाइल कंपन्यांच्या हिशेबात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण हा सगळा पट्टा 'मुंबई सर्कल'मध्ये येतो. सातारा, सांगली, पुणे, नाशिक, कोकण आणि गोवा हे 'महाराष्ट्र व गोवा सर्कल'. मामांचा नंबर साताऱ्याला घेतलेला, म्हणजे राहायला मुंबई सर्कलमध्ये आणि नंबर महाराष्ट्राचा. घणसोली-कोपरखैरण्यात अशी हजारो घरं असतील. रोजच्या बोलण्याला याने काही फरक पडत नाही. पण सिम बदलायचं असेल तर आपल्या कंपनीच्या गॅलरीला आधी फोन करून विचारा की दुसऱ्या सर्कलचं सिम इथे बदलून मिळेल का आणि सोबत काय आणायचं. मामांचं काम वाशीतल्या गॅलरीत झालं. कंपनीकडून खातरजमेचा निरोप जुन्या सिमवर येतो, म्हणून नवं सिम सुरू होईपर्यंत जुनं फोनातच राहू द्या.

आता फोनच्या पोटातल्या गोष्टींकडे वळू.

माणसांचे नंबर

'काँटॅक्ट सेव्ह केला' असं आपण म्हणतो, पण कुठे सेव्ह केला हे क्वचितच बघतो. जागा तीन: सिममध्ये, फोनमध्ये किंवा गूगल खात्यात. फोनमध्ये ठेवलेले नंबर फोनबरोबर जातात. गूगल खात्यातले नंबर त्याच खात्याने कुठल्याही फोनात शिरलात की पाच मिनिटांत हजर होतात. सिममधले सिमबरोबर फिरतात, पण सिमची पाटी फार लहान. बहुतेक सिमवर अडीचशेच्या आसपास नंबर मावतात, आणि नावाला जागा साधारण १४ इंग्रजी अक्षरांची. देवनागरीत लिहिलं तर त्याच्या निम्मीही मिळत नाही, कारण आपलं प्रत्येक अक्षर आत दुप्पट जागा घेतं आणि काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते. 'कोपरखैरणे डॉक्टर'चं सिमवर नुसतं 'कोपरखै' उरतं. मामांच्या यादीत अशी तुटकी नावं बरीच निघाली. ती कुणाची, हे त्यांना एकेक करून विचारत आम्ही तासभर बसलो होतो.

सिम बदलणार असाल तर हे फार महत्त्वाचं, कारण नवं सिम कोरं येतं. जुन्या सिमवरची नावं त्यात आपोआप येत नाहीत. गॅलरीत जाण्याआधीच काँटॅक्ट्स ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'सिममधून आयात करा' निवडा आणि जागा विचारली की गूगल खातं सांगा. फोनमध्ये ठेवलेले नंबरही तिथेच हलवा. मग संगणकावर किंवा दुसऱ्या फोनवर त्या खात्याचे काँटॅक्ट्स उघडून आकडा जुळतोय का बघा. एवढी एक खात्री करून घेतली की पुढच्या दहा फोनांपर्यंत हा प्रश्न मिटतो. त्या गूगल खात्याचा पासवर्ड मात्र माहीत हवा. दुकानदाराने फोन विकताना उघडून दिलेलं खातं आणि त्यानेच ठेवलेला पासवर्ड, अशी परिस्थिती अनेक ज्येष्ठांची असते. फोन चालू आहे तोवर तो पासवर्ड बदलून वहीत लिहून ठेवा. एकदा फोन गेला की ते दार उघडणं फार अवघड.

बटणांच्या साध्या फोनवरून स्मार्टफोनवर येत असाल तर फोनच्या मेन्यूत 'सगळे सिमवर कॉपी करा' असा पर्याय मिळतो. तेवढा एक पूल म्हणून सिम उपयोगी पडतं. मेमरी कार्ड किंवा ब्लूटूथने नावं पाठवता येत असतील तर त्याहून उत्तम, नावं तुटत नाहीत.

व्हॉट्सॲप

मामांची खरी काळजी इथली, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

व्हॉट्सॲपचं खातं नंबराला बांधलेलं असतं. गप्पा मात्र फोनात असतात. निरोप पोचता झाला की तो कंपनीच्या सर्व्हरवर राहत नाही, तुमच्या आणि समोरच्याच्या फोनात राहतो. म्हणून नव्या फोनात नंबर टाकून व्हॉट्सॲप सुरू केलं की ग्रुप दिसतात, फोटो लावलेली माणसं दिसतात, पण आतलं सगळं रिकामं. गप्पा आणायच्या तर दोन वाटा आहेत.

पहिली बॅकअपची. अँड्रॉइड फोनात व्हॉट्सॲप गप्पांची एक प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवू शकतं. सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप. तिथे शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख दिसते. ती तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मामांच्या फोनात शेवटचा बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा होता. कारण साधं: गूगल खात्यात फुकट मिळते ती जागा १५ जीबी, आणि तीत मेल, फोटो, ड्राइव्ह सगळ्यांचा वाटा. पूर्वी व्हॉट्सॲपचा बॅकअप या हिशेबात धरत नसत, २०२४ पासून धरायला लागले. जागा भरली, बॅकअप थांबला, कुणाला कळलंही नाही. नव्या फोनात हा बॅकअप उतरवायचा तर नंबर तोच हवा आणि गूगल खातंही तेच हवं. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला असेल तर तो विसरल्यावर कंपनीही काही करू शकत नाही.

दुसरी वाट थेट एका फोनातून दुसऱ्या फोनात. ही २०२३ मध्ये आली आणि माझ्या मते घरी दोन्ही फोन समोर असताना हीच वापरावी. जुन्या फोनात सेटिंग्ज, चॅट्स, तिथे चॅट ट्रान्सफरचा पर्याय. नव्या फोनात व्हॉट्सॲप टाकून तोच नंबर द्यायचा, तो एक क्यूआर कोड दाखवतो, जुन्या फोनाने तो वाचायचा. दोन्ही फोनांचं वायफाय चालू हवं. फोन आपसात बोलतात, गूगलच्या जागेचा संबंध येत नाही आणि मोठे व्हिडिओसुद्धा येतात. अँड्रॉइडवरून आयफोनवर जायचं असेल तर आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच, 'मूव्ह टू आयओएस' या ॲपमधून व्हॉट्सॲप निवडायचं असतं. नंतर ती संधी तशी मिळत नाही, आयफोन पुन्हा कोरा करावा लागतो.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यांना ओरडून सांगावीशी वाटते ती. नव्या फोनात व्हॉट्सॲप सुरू करताना 'बॅकअप उतरवू का' असं विचारतं. घाईत लोक 'वगळा' दाबतात, नंतर बघू म्हणून. मग रात्री दोनच्या सुमारास नवा फोन आपला रोजचा बॅकअप घेतो, म्हणजे रिकाम्या गप्पांचा बॅकअप, आणि तो ड्राइव्हवरच्या जुन्या बॅकअपच्या जागी जाऊन बसतो. जुना पुसला जातो. अशी चूक झालीच तर लगेच नव्या फोनातलं व्हॉट्सॲप काढून टाका, पुन्हा टाका आणि या वेळी बॅकअप उतरवा. रात्र मध्ये जाऊ देऊ नका. जुना फोन हातात असेल तर त्याच्या पोटातली प्रत अजून असते, म्हणूनही तो जपा.

पडद्याची खालची पट्टी मेलेली असताना हे सगळं कसं करायचं? फोन आडवा धरून पडदा फिरू द्यायचा. खालची बटणं बाजूला येतात आणि बोट पोचतं.

फोटो आणि बाकीचं

फोटोंबद्दल थोडक्यात. 'ते गूगलवर असतातच' असं गृहीत धरू नका. २०२१ च्या जूनपासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली, आणि व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो तर तुम्ही तो फोल्डर मुद्दाम निवडला नसेल तर तिथे जातच नाहीत. एक फोटो चार एमबीचा धरला तर १५ जीबीत जेमतेम पावणेचार हजार मावतात. लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ असतील तर त्याहून कितीतरी कमी.

सगळ्यात सोपं म्हणजे केबल. नवा अँड्रॉइड फोन पहिल्यांदा चालू केला की तो विचारतो, जुन्या फोनातून ॲप आणि माहिती आणायची का? हो म्हणा, दोन्ही फोन केबलने जोडा, जुन्यावर परवानगी द्या आणि शांतपणे जेवून घ्या. फोटो, मेसेज, कॉलची यादी, ॲप, सगळं येतं. सॅमसंगचं स्मार्ट स्विच हेच काम करतं. हा प्रश्न सुरुवातीलाच येतो, म्हणून दुकानातल्या मुलाला फोन 'चालू करून दे' म्हणू नका. तो दोन मिनिटांत सगळं वगळून, एखादं नवंच खातं उघडून देतो. मामांचा फोन खोक्यातच राहिला हे एका परीने बरंच झालं होतं.

केबलने ॲप येतात, पण त्यातली ओळख येत नाही. बँकेच्या ॲपमध्ये, डिजिलॉकरमध्ये पुन्हा शिरावं लागतं. ऑफिसच्या कामासाठी सहा आकडी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर त्यातली खाती जुन्या फोनातून क्यूआर कोडने नव्यात घ्या, आणि हे जुना फोन पुसण्याआधी करा. लोकलचा पास मोबाइलवर असेल तर नव्या फोनात तो दिसेपर्यंत जुना फोन सोबत घेऊनच ठाणे-वाशी गाडी पकडा.

यूपीआय

"पैसे त्याच फोनात हायत ना?" हा मामांचा दुसरा प्रश्न. नाहीत. पैसे बँकेत आहेत. फोनात आहे ती फक्त बँकेशी केलेली ओळख.

ही ओळख कशी होते ते बघण्यासारखं आहे. यूपीआयचं ॲप नव्या फोनात पहिल्यांदा उघडलं की ते तुमच्या फोनातून एक एसएमएस पाठवतं. तुमच्याकडे येणारा ओटीपी नव्हे, तुमच्याकडून जाणारा मेसेज. तो ज्या नंबरावरून आला तोच नंबर बँक खात्याला जोडलेला आहे का हे तपासतात आणि मग 'हा फोन, हे सिम, हे खातं' अशी गाठ बांधतात. यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनात प्रत्यक्ष हवं, शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फोनातलं चालत नाही. दोन सिम असतील तर योग्य सिम निवडायला हवं. आणि एसएमएस जायला हवा, म्हणजे रिचार्ज संपलेला असेल तर काम होणार नाही, आणि सिम नुकतंच बदललेलं असेल तर ते २४ तास उलटेपर्यंत होणार नाही. लोक या वेळी ॲप दहा वेळा काढतात, टाकतात, बँकेत जाऊन भांडतात. अडचण फक्त घड्याळाची असते.

यूपीआयचा पिन फोन बदलला म्हणून बदलत नाही. जुनाच चालतो. नव्या फोनावर पहिले २४ तास रकमेवर मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी ५,००० रुपये. भाडं किंवा हप्ता त्या दिवशी भरायचा असेल तर आधीच भरून टाका. आणि कुणी फोन करून 'तुमचं ॲप सुरू करून देतो, आलेला कोड सांगा' किंवा 'ई-सिम करून देतो' म्हणालं तर फोन ठेवा. कंपनीचा माणूस कोड विचारत नाही.

ई-सिमचा उल्लेख आलाच आहे तर एवढंच: ते वेगळं काही गूढ नाही. बिल्ला प्लास्टिकचा नसून फोनात उतरवून घेतलेला, इतकाच फरक. तो एका फोनातून काढून दुसऱ्यात घालता येत नाही, कंपनीकडून पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून जुन्या फोनातलं ई-सिम नव्यात सुरू झाल्याची खात्री होईपर्यंत पुसू नका.

पोर्ट करणं ही वेगळीच गोष्ट, पण लोक तिची फोन बदलण्याशी गल्लत करतात. पोर्ट म्हणजे कंपनी बदलणं, एका मुकादमाच्या वहीतून नाव दुसऱ्याच्या वहीत नेणं. ही सोय देशभर २०११ च्या जानेवारीत सुरू झाली. दुसऱ्या सर्कलमध्येही नंबर नेता येऊ लागला तो जुलै २०१५ पासून, मामांसारख्यांच्या कामाची गोष्ट. इंग्रजीत पोर्ट लिहून जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवला की आठ अक्षरांचा कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. सर्कल तेच असेल तर कामाचे तीन दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर पाच. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले हवेत. आणि १ जुलै २०२४ पासून, सिम बदलून घेतल्यावर सात दिवस हा कोडच मिळत नाही. थोडक्यात, हेही फोन बदलण्याच्या आठवड्यात नको.

जुना फोन

ऑनलाइन फोन घेताना जुना बदल्यात देण्याची सोय असते. तिथे एक मोठी अडचण आहे. नवा फोन घेऊन येणारा मुलगा दारात उभा राहतो आणि जुना तेव्हाच मागतो. म्हणजे वर सांगितलेलं एकही काम झालेलं नसताना जुना फोन पुसून द्यायचा. जे दोन-तीन हजार सुटतात त्यापायी लोक दहा वर्षांचे फोटो घालवून बसतात. माझं मत विचाराल तर बदली करूच नका, किंवा मग नवा फोन येण्याच्या आदल्या दिवशीच सगळ्याच्या प्रती घेऊन, त्या उघडून बघून तयार राहा.

द्यायचाच झाला तर आधी त्यातलं गूगल खातं काढा आणि मग फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे फोन पूर्ण कोरा करा, याच क्रमाने. खातं न काढता नुसता पुसलात तर पुढच्या माणसाला तो फोन तुमच्या खात्याचा पासवर्ड मागत राहील. आयफोन असेल तर 'फाइंड माय', म्हणजे हरवलेला फोन शोधायची सोय, आधी बंद करा. स्वतः जुना फोन विकत घेणार असाल तर त्याचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे सिमचा नव्हे तर फोनाचा स्वतःचा ओळख क्रमांक, बघा. डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो दिसतो. इंग्रजीत केवायएम लिहून जागा सोडून तो क्रमांक, असा मेसेज १४४२२ ला पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं.

मामांचं काम आम्ही तीन दिवसांत वाटलं. पहिल्या संध्याकाळी नावं गूगल खात्यात नेली आणि व्हॉट्सॲपचा ताजा बॅकअप घेतला. त्यासाठी खात्यात जागा करायला हवी होती, म्हणून 'सुप्रभात'चे सातशे व्हिडिओ आधी पुसले. दुसऱ्या दिवशी वाशीला जाऊन सिम बदललं आणि ते जुन्याच फोनात घातलं. त्या दिवसाचे २४ तास तसेच जाऊ दिले. भाजी, दूध, रिक्षा यांना मामींनी डब्यातली रोख दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी सिम नव्या फोनात घातलं, केबल लावली, व्हॉट्सॲप थेट आणलं, यूपीआयची गाठ बांधली. मामांनी पहिलं काम केलं ते भावाचं नाव शोधण्याचं. निरोप सगळे होते. तरी ते वेगळे काढून मी एक प्रत त्यांच्या मुलीकडे पाठवली आणि एक मेलवर ठेवली, कारण बॅकअप असला तरी एकाच जागेवर भरवसा ठेवावा असे ते आवाज नव्हते.

जुना फोन पंधरा दिवस कपाटात ठेवायला सांगितला होता. पंधरा दिवसांनी तो पुसायला बसले तेव्हा सिमचा ट्रे पुन्हा एकदा बाहेर ओढून बघितला. सिमच्या शेजारच्या खाचेत ३२ जीबीचं मेमरी कार्ड होतं, ते असल्याचं मामांच्या लक्षातच नव्हतं. त्यात गावच्या जत्रेचे २०१९ चे फोटो निघाले. पालखीला खांदा दिलेले मोठे मामा त्यातल्या चार फोटोंत होते.